तेरा शनिवार-रविवार

आयर्लंडमधल्या एखाद्या गावात सप्टेंबरातल्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलात, तर घरचा माणूस आधी तोंडभर अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, "तो हर्लिंगचा वीकेंड आहे की फुटबॉलचा?" सुरुवातीला मला याचं हसू यायचं. हल्ली ते वीकेंड ठरवणाऱ्या टेबलाच्या एका टोकाला मी बसते, त्यामुळे येत नाही.

मी मूळची चिपळूणची. नोकरी इथल्या एका औषधाच्या कारखान्यात, प्रॉडक्शन प्लॅनिंगची. कोणत्या मशीनवर कोणती बॅच कधी चढवायची, मधल्या सफाईला किती वेळ धरायचा, मशीन बंद पडलं तर काय पुढे ढकलायचं, हे रोजचं काम. मुलगी गावच्या जीएए क्लबात, म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या इथल्या देशी खेळांच्या क्लबात, जायला लागली आणि मी शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला कुडकुडत उभी राहायला लागले. इथल्या क्लबांचा एक न्याय आहे. दोनदा उभ्या दिसलात की हातात पाण्याच्या बाटल्या येतात, आणखी काही वेळा दिसलात की समितीत नाव येतं. क्लबाच्या सेक्रेटरीला माझी नोकरी कळली तेव्हा ती म्हणाली, "मग आमची फिक्स्चर्स तूच बघ. तुला काय, हातचा मळ!" क्लबापासून सुरू झालेलं फिक्स्चर्सचं, म्हणजे सामन्यांच्या तारखा-वेळा लावायचं हे काम पुढे काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, स्पर्धा नियंत्रण समितीपर्यंत गेलं. तिला सगळे सीसीसी म्हणतात. निर्णय समितीचे, तक्ता माझा. काउंटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लेन्स्टर प्रांतातली, हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही खेळणारी एक काउंटी, एवढं पुरे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला दुकानात दूध आणायला रोज जावं लागतं.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरीतल्या थर्लस गावच्या हेज हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, स्थापन झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन ही त्यातली मोठी नावं. गेलिक फुटबॉल हात आणि पाय दोन्ही वापरून खेळतात. हर्लिंगमध्ये ॲशच्या लाकडाची, टोकाला चपटी होत गेलेली काठी, म्हणजे हर्ली, असते आणि क्रिकेटच्या चेंडूएवढा पण वजनाने हलका चेंडू. तो डोक्याच्या उंचीवरून ज्या वेगाने जातो ते बघून माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी मुलीच्या हेल्मेटचा पट्टा तीनदा ओढून पाहिला होता. दोन्ही खेळांत पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर साधारणपणे एक. डब्लिनच्या क्रोक पार्कात 82,300 माणसं बसतात, आणि फायनलला ते भरतं. तरीही खेळणाऱ्यांना पगार नाही. रविवारी तिथे गोल मारणारा सोमवारी शाळेत वर्ग घेतो.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिला पटेना. "एवढी माणसं तिकीट काढून येतात आणि पोरांना एक पैसा नाही?" मग थोडं थांबून, "आणि तुला?"

"चहा-बिस्किटं."

"अगं मग घरीच पी की."

सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच आहे की एकाच खेळाडूला दोन जर्सी आहेत. क्लब पॅरिशचा, म्हणजे गावाचा. बाप ज्या क्लबातून खेळला त्यातूनच मुलगा, आणि क्लब बदलणं जवळजवळ धर्म बदलण्याइतकं अवघड. काउंटीतल्या सगळ्या क्लबांमधून निवडलेले पस्तीस-चाळीस जण काउंटीसाठी खेळतात. हर्लिंगचा लियम मॅकार्थी कप आणि फुटबॉलचा सॅम मॅग्वायर कप यांच्यासाठी झुंजणाऱ्या त्या काउंटी. टीव्ही, प्रायोजक, गर्दी तिकडे. पण जीएएतले बाकी सगळे, हजारो हजार, फक्त क्लबाचेच खेळाडू असतात. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर कुठल्या तरी छोट्या स्टेशनात बाजूला उभी असते, आणि आतल्या माणसांना ती कधी सुटणार हे कुणी सांगत नाही. क्लबाचा खेळाडू वर्षानुवर्षं त्या पॅसेंजरमध्ये बसला होता.

समितीतले जुने लोक त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की चहा गार होतो. तेव्हा हर्लिंगची फायनल सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आणि फुटबॉलची तिसऱ्या रविवारी असे. एप्रिल-मेमध्ये क्लब चॅम्पियनशिपची एखादी फेरी उरकायची आणि मग काउंटीचा संघ हरेपर्यंत थांबायचं. पूर्वी एक सामना हरलं की काउंटी बाहेर. 1997 पासून हर्लिंगमध्ये आणि 2001 पासून फुटबॉलमध्ये हरलेल्यांना मागच्या दाराने परत यायची सोय झाली. बघणाऱ्यांची चंगळ झाली, पण काउंटीचा उन्हाळा लांबला आणि क्लबाचा खेळाडू आणखी लटकला. त्यात बरोबरी झाली की पुन्हा सामना. 1991 साली डब्लिन आणि मीथ लेन्स्टर चॅम्पियनशिपच्या पहिल्याच फेरीत भेटले. तीन वेळा बरोबरी झाली आणि चौथ्या सामन्यात मीथ एका गुणाने जिंकलं. आजही लोक ते सामने डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी ऐकते तेव्हा माझ्या डोक्यात एकच येतं: त्या चार सामन्यांच्या मागे अडकलेली फिक्स्चर्स कोणी हलवली असतील?

आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत. ते तरुणपणी कॉर्नर-बॅक, म्हणजे बचावाच्या कोपऱ्यात, खेळायचे. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. मे महिन्यात क्लबाचा एक सामना झाला आणि पुढचा "काउंटी बाहेर पडल्यावर दोन आठवड्यांनी" असं कळवलं गेलं. तारीख नाही. जूनमध्ये सराव, जुलैमध्ये सराव. सुट्टीला जावं तर तेवढ्यात सामना लागला तर? बायकोने कॉर्कच्या किनाऱ्यावर घर भाड्याने घेतलं होतं, तिथून ते तीन तास गाडी चालवून सरावाला यायचे. सामना झाला सप्टेंबरच्या शेवटी, चिखलात, आणि ते हरले. "तासाभराच्या खेळासाठी अख्खा उन्हाळा," ते म्हणाले. बायको अजून तो उन्हाळा विसरलेली नाही.

2017 च्या सुरुवातीला क्लबांच्या खेळाडूंनी आपली वेगळी संघटना काढली. तिची मागणी नावात नव्हे, घोषणेत होती: आधी वेळापत्रक दुरुस्त करा. 2018 पासून एप्रिल महिना क्लबांसाठी राखून ठेवायचा प्रयोग झाला. कागदावर उत्तम. पण मेमध्ये चॅम्पियनशिप तोंडावर असताना कोणता काउंटी मॅनेजर आपली पोरं एप्रिलमध्ये क्लबाकडे सोडील? बऱ्याच ठिकाणी ती सोडली गेली नाहीत, किंवा नावापुरती सोडली गेली.

तोड निघाली ती भलत्याच कारणाने. 2020 साली कोविडमुळे सगळं बंद पडलं. उघडलं तेव्हा आधी क्लबांना मैदानं मिळाली, जुलैपासून, आणि काउंटीचे सामने ऑक्टोबरपासून. फायनल डिसेंबरात झाल्या, रिकाम्या क्रोक पार्कात. पण त्या उन्हाळ्यात लोकांनी प्रथमच पाहिलं की क्लबांना सलग काही आठवडे दिले तर चॅम्पियनशिप बिनबोभाट पार पडते, खेळाडूला पुढच्या महिन्याची तारीख सांगता येते. 2021 च्या काँग्रेसने, म्हणजे जीएएच्या वार्षिक अधिवेशनाने, वर्षाचे दोन तुकडे करायला मान्यता दिली आणि 2022 पासून ते सुरू झालं. आधी काउंटी, जुलैच्या अखेरपर्यंत. मग क्लब. 2022 ची हर्लिंग फायनल 17 जुलैला झाली आणि फुटबॉलची 24 जुलैला. जुन्या लोकांना ते दिवाळी श्रावणात आल्यासारखं वाटलं.

मी समितीत आले ती या नव्या व्यवस्थेत. त्यामुळे मला वाटलं होतं की अवघड काम आधीच कोणी तरी करून ठेवलंय.

डिसेंबर उजाडला की क्रोक पार्ककडून पुढच्या वर्षाचा राष्ट्रीय आराखडा येतो आणि मी ए-थ्री कागदावर पूर्ण वर्ष छापते. कॉम्प्युटरवर सगळं आहेच, पण समितीतल्या लोकांना बोट ठेवायला कागद लागतो. आधी लाल हायलायटर, जे आपल्या हातात नाही त्याचा. जानेवारीच्या अखेरपासून मार्चपर्यंत राष्ट्रीय लीग. एप्रिल-मे प्रांतांच्या चॅम्पियनशिप. त्यानंतर ऑल-आयर्लंडचे सामने, आणि आमच्यासारख्या मधल्या काउंट्यांसाठी हर्लिंगमध्ये जो मॅकडॉना कप, फुटबॉलमध्ये टाल्टन कप. वीस वर्षांखालच्या आणि मायनर, म्हणजे त्याहून लहान मुलांच्या, संघांचे सामने वेगळे. मग पिवळा रंग. मेमधल्या शनिवारी गावोगाव मुलांचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमधला मोठा विधी, असतो, त्या दिवशी सामना ठेवला तर आया घरी येऊन जाब विचारतात. जूनमध्ये लिव्हिंग सर्टची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा. मे-जूनमध्ये सायलेजसाठी गवत कापायची गडबड, तेव्हा शेतकरी क्लबातली निम्मी पोरं ट्रॅक्टरवर असतात. पहिल्याच वर्षी मी सप्टेंबरातल्या एका शनिवारी छोटासा भगवा ठिपका ठेवला. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम एका क्लबाच्या हॉलमध्ये होतो आणि तिथेच सामना लागला तर पार्किंगचं वाटोळं. अध्यक्षांनी चष्मा खाली घेऊन विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आमचं कम्युनियन." त्यांनी मान डोलावली आणि ठिपका राहिला.

वसंतात क्लबांची लीग खेळवायची असते, ती काउंटीच्या खेळाडूंशिवाय. इथे रडगाणं ठरलेलं. ज्या क्लबाचे पाच खेळाडू काउंटीत, तो लीगमध्ये गटांगळ्या खातो आणि खालच्या विभागात ढकलला जातो. त्यांचे प्रतिनिधी बैठकीत येऊन म्हणतात की चांगले खेळाडू घडवल्याची आम्हाला शिक्षा. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण थोडीच. त्याच पाच जागांवर एकोणीस वर्षांची पाच पोरं वर्षभर पहिल्या संघात खेळतात, जी एरवी बाकावर बसली असती. दोन वर्षांनी तोच क्लब बघा.

काउंटीचा संघ नेमका कधी बाहेर पडेल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून तक्ते एकापेक्षा जास्त लागतात. 'अ' म्हणजे फुटबॉल संघ टाल्टन कपच्या फायनलला गेला तर. 'ब' म्हणजे आधीच हरला तर. 'ब' मध्ये क्लबांना सरावाला आणि विश्रांतीला चार आठवडे जास्त मिळतात. काउंटी हरली की समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटं शोक चालतो. पोरं जीव तोडून खेळली, रेफरीने ती फ्री द्यायला नको होती, वगैरे. मग कोणी तरी हळूच लिहितं, "म्हणजे आता 'ब'?"

खरं दुखणं पुढे आहे. 2025 चं उदाहरण घेते. फुटबॉलची ऑल-आयर्लंड फायनल 27 जुलैला झाली, केरीने डॉनेगॉलला हरवलं. 2 ऑगस्टच्या शनिवारपासून 26 ऑक्टोबरच्या रविवारपर्यंत मोजा: तेरा वीकेंड. नोव्हेंबरच्या सुमारास प्रांताच्या क्लब स्पर्धा सुरू होतात आणि तोवर काउंटीने आपला विजेता कळवावाच लागतो. तिथे सबब चालत नाही. आता चार संघांचा गट धरा. प्रत्येकाचे तीन साखळी सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. झाले सहा वीकेंड. हर्लिंगचे सहा, फुटबॉलचे सहा. बारा. मोकळा उरला एक.

किल्केनीत हा प्रश्न जवळजवळ नाहीच, तिथे हर्लिंग म्हणजे सर्वस्व. पण आमच्याकडे निम्मे क्लब दोन्ही खेळतात, आणि गावात पोरं तरी किती? हर्लिंगचे पंधरा आणि फुटबॉलचे पंधरा यांच्यात दहा-बारा चेहरे तेच. म्हणजे त्या दहा-बारांना ऑगस्ट ते ऑक्टोबर दर आठवड्याला चॅम्पियनशिपचा सामना. मांडीचा स्नायू दुखावला आणि फिजिओने तीन आठवडे सांगितले, तर पूर्वी एखादा सामना जायचा, आता तीन जातात, म्हणजे दोन्ही खेळांचे मिळून अर्धे साखळी सामने. उन्हाळ्यातली दाटी आम्ही उचलून शरदात ठेवली आहे, हे माझं मत मी बैठकीतही बोलले आहे. कोणी नाकारलं नाही.

खेळ एकाआड एक ठेवायचे की गठ्ठ्याने, यावर दर वर्षी तासभर जातो. हर्लिंगवाले म्हणतात, दोन आठवडे काठी हातात नसली की हात बसत नाही, चेंडू चिकटत नाही. फुटबॉलवाले म्हणतात, यांचं काठीचं कौतुक ऐकून ऐकून आमचा सराव आठवड्यातून एकावर आला. शेवटी एकाआड एक हेच टिकतं, कारण त्यात दोघेही सारखेच नाराज असतात. पहिला वीकेंड कोणत्या खेळाचा हे एका वर्षी नाणं उडवून ठरलं आणि पुढे आलटूनपालटून.

या सगळ्या गणितात मृत्यू धरलेला नसतो. इथे पॅरिशमध्ये क्लबाशी जोडलेलं कोणी गेलं की त्या वीकेंडचा सामना ठरल्या वेळी होत नाही. असा लिखित नियम शोधत बसायची गरज कोणाला पडत नाही, विरोधी क्लबच आधी फोन करून म्हणतो, पुढे ढकला. एका गुरुवारी रात्री असा फोन आला. एका क्लबाचे माजी खजिनदार, गावात सगळ्यांचे लाडके. शुक्रवारी घरी दर्शन, शनिवारी सकाळी अंत्यसंस्कार. शनिवारी संध्याकाळी त्या क्लबाचा फुटबॉलचा शेवटचा साखळी सामना होता.

एक सामना हलवायचा, त्यात काय, असं वाटेल. पण गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करायचे असतात, म्हणजे दुसऱ्या मैदानावरचा निकाल पाहून कोणाला हिशेबाने खेळता येऊ नये. म्हणजे एक हलला की दुसराही हलला. आता दोन सामने, चार क्लब. त्यातले तीन हर्लिंगही खेळणारे, आणि पुढच्या वीकेंडला त्यांचे उपांत्यपूर्व सामने. मंगळवारी रात्री फ्लडलाइटखाली ठेवावं तर हर्लिंगला चारच दिवस उरतात, तिघांनीही नको म्हटलं. रविवारी दुपारी काउंटीच्या मुख्य मैदानावर दोन सामने आधीच लागलेले, तिकिटं विकलेली. राहिली रविवारची दुपार बाराची वेळ, दोन वेगळ्या गावांत. एका मैदानावर त्याच वेळी मुलींचा अंडर-फोर्टीन सामना. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आणि मुलगी शेजारी उभी राहून म्हणाली, "आई, तो आमचा सामना आहे."

त्यातून रेफरी. बाहेरच्यांना वाटतं रेफरी म्हणजे एक माणूस. तो येताना आपले चार अंपायर घेऊन येतो. दोन्ही गोलांच्या खांबांपाशी पांढरे कोट घालून उभे असतात ते, बहुतेक त्याच्याच क्लबाचे, भाऊ, मेव्हणे, शेजारी. रेफरी दोन्ही संघांपैकी कोणाच्या क्लबाचा असून चालत नाही, आणि शेजारच्या गावचा असला तर कागदोपत्री चालतो पण गावात चालत नाही. रविवारी बाराला मोकळा असलेला एक रेफरी सापडला. त्याचा क्लब दोनला दुसरीकडे खेळणार होता आणि त्याच्या चार अंपायरांपैकी दोघे त्या संघात होते. तो म्हणाला, मी येतो, पण खांबापाशी उभं राहायला माणसं द्या. अध्यक्षांनी स्वतः पांढरा कोट चढवला. त्यांच्या वयात तासभर उभं राहणं सोपं नाही, पण एक पॉइंट वादात सापडला तेव्हा त्यांनी शिक्षकी आवाजात जे "वाइड!" म्हटलं त्यापुढे कोणी बोललं नाही.

मुलींचा सामना तासभर अलीकडे आणला. तो माझ्या अधिकारातलाच नव्हता. बायकांचं फुटबॉल चालवणारी संघटना वेगळी, बायकांचं हर्लिंग म्हणजे कमोगी, तिची संघटना वेगळी, आणि जीएए तिसरी. मैदानं मात्र तीच, गाड्या चालवणारे आईबाप तेच. माझी मुलगी फुटबॉल आणि कमोगी दोन्ही खेळते. एकाच शनिवारी सकाळी दहाला एक आणि साडेअकराला दुसरा सामना, मधे चाळीस मिनिटांचा रस्ता, असं घडलं आहे. मागच्या सीटवर बूट न काढता जर्सी बदलायचं कसब तिने तेव्हा कमावलं. तीन वेगळ्या समित्या आपापल्या तक्त्यात बरोबरच असतात, कारण कोणाच्याच तक्त्यात दुसऱ्याचे रंग नसतात. आता माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने तिन्ही संघटना 2027 पर्यंत एक करायची दिशा आखली आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मला घटना-बिटना, बोधचिन्हं यांचं फारसं काही नाही. मला तो एक तक्ता हवा आहे.

ऑक्टोबर लागला की वेळही आटते. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, संध्याकाळी साडेसातला सामना सुरू केला तरी चालतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि पाचलाच अंधार. बिनदिव्यांच्या मैदानावर जादा वेळेची शक्यता धरून सामना दोन-सव्वादोनलाच सुरू करावा लागतो. हवामान खात्याने वादळाचा नारिंगी इशारा दिला तर सगळंच रद्द. तेरावा वीकेंड त्यासाठी राखलेला असतो, आणि तो नेमका कशाला तरी आधीच वापरला गेलेला असतो.

दर हिवाळ्यात वाद उठतो: फायनल ऑगस्टमध्ये न्या. म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. जुलै संपला की आमचे सगळ्यात मोठे खेळ वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून गायब होतात आणि सप्टेंबर रग्बी-सॉकरला आंदण जातो. दहा वर्षांच्या पोराला सप्टेंबरात शाळा उघडते तेव्हा अंगणात हर्ली घेऊन कोणाची नक्कल करायची हा प्रश्न पडतो. आमच्या समितीतले दोघे-तिघे याच मताचे आहेत. पण दोन आठवडे तिकडे दिले तर माझ्या तेरातून अकरा राहतात, आणि बारा सामने अकरात बसत नाहीत. मग गट तीनचे करा, म्हणजे सामने कमी. मग क्लब म्हणणार, वर्षभर सराव करून दोन सामने? मी बैठकीत तेरा रकाने फळ्यावर काढते आणि म्हणते, यातले कुठले दोन पुसू ते सांगा. खडू अजून कोणी हातात घेतलेला नाही.

नव्या व्यवस्थेने खेळाडूला जे दिलं ते क्लबातल्या एका फुल-बॅककडून, म्हणजे बचावातल्या खेळाडूकडून, ऐकलं. कॉलेजचा मुलगा, विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात अमेरिकेत काम करू देणाऱ्या जे-वन व्हिसावर बॉस्टनला जाऊन पूर्ण जून-जुलै काम करून आला. "पूर्वी माझा मोठा भाऊ गेला तेव्हा क्लबाने त्याला गद्दार ठरवलं होतं," तो म्हणाला. "मला विमानतळावर सोडायला मॅनेजर आला, आणि परतीची तारीख दोनदा विचारून घेतली." लग्नंही आता डिसेंबर-जानेवारीत होतात. हॉटेलवाले खूश, फोटोग्राफर वैतागलेले, चार वाजताच उजेड जातो म्हणून.

इथल्या मराठी घरांतून मला फोन येतात, "भारताची तिकिटं कधीची काढू?" घरात मोठा मुलगा क्लबाच्या पहिल्या संघात असेल, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर विसरा. गणपतीही विसरा, आणि दिवाळी ऑक्टोबरात आली तर तीही काउंटी फायनलच्या आसपास येते. मुलं लहान असतील तर जुलै सगळ्यात सोयीचा, बहुतेक क्लब तेव्हा सराव बंद ठेवतात, विमानं मात्र महाग. डिसेंबर चालतो, फक्त क्लब प्रांताच्या फायनलला गेला नाही तर. ऑल-आयर्लंड क्लब फायनल पूर्वी सेंट पॅट्रिकच्या दिवशी, 17 मार्चला असायची, ती 2020 पासून जानेवारीत आली आहे, त्यामुळे फारच जिंकत सुटलात तर ख्रिसमसही जातो. आणि गटांची सोडत निघायच्या आत बुकिंग करायचंच असेल, तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. थोडं जास्त पडतं.